मतपेटीपुढील तत्त्व आणि व्यवहार : नाशिकच्या १९५७ च्या निवडणुकीच्या निमित्ताने

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा मार्गाच्या बाजूस अंबड हे गाव आहे. जालना जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे ठिकाण ते हे नव्हे. सातपूरच्या पाठोपाठ येथे औद्योगिक वसाहत झाली, सिडकोची घरे उभी राहिली आणि गाव नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले गेले. १९५७ साली मात्र अंबड हे नाशिक तालुक्यातील अनेक शेतकरी खेड्यांपैकी एक होते. त्या वर्षाच्या सार्वत्रिक निवडणुकीत या परिसरातील खेडुतास जी निवड करावी लागली, तीत राजकीय तत्त्व आणि राजकीय व्यवहार यांच्या संबंधाचा प्रश्न जितका स्वच्छ उभा राहिलेला दिसतो, तितका तो पाठ्यग्रंथांतील उदाहरणांत क्वचितच दिसतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे : उमेदवारास मत देताना मतदाराने आपल्या ध्येयास अनुसरावे की शक्याशक्यतेचा विचार करावा, आणि या दोहोंमधील भेद वाटतो तितका खरा आहे काय.

प्रथम मतदानाची त्या वेळची रीत ध्यानात घेतली पाहिजे. १९५२ व १९५७ या दोन्ही निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत आणि मतदाराने तीवर शिक्काही मारावयाचा नसे. मतदानकक्षाच्या आडोशात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे, पेटीवर त्याची खूण चिकटविलेली असे, आणि मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकून बाहेर पडावयाचे असे. शिक्का मारण्याची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत १९६२ पासून आली. १९५७ च्या मतदारापुढे तत्त्वज्ञान उभे नव्हते, लाकडी वा लोखंडी पेट्यांची रांग उभी होती; आणि हाती असलेला कागद एकाच पेटीत टाकता येत होता.

नाशिकच्या लोकसभा मतदारसंघात त्या पेट्यांपैकी एक शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड यांची होती. फेडरेशनला १९५२ पासून हत्ती ही खूण मिळालेली होती. गायकवाड हे नाशिक जिल्ह्याचेच. दिंडोरी तालुक्यात त्यांचा जन्म झाला होता. २ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो सत्याग्रह आरंभिला, त्याची स्थानिक धुरा अनेक वर्षे ज्यांनी वाहिली त्यांत गायकवाड अग्रभागी होते. त्या सत्याग्रहाला झालेला विरोध नाशिकच्या सवर्ण समाजातून झाला होता. रामनवमीच्या रथाच्या प्रसंगी दंगल झाली, आणि तिचे पडसाद भोवतालच्या खेड्यांतही उमटले. मंदिर उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास ती कृतीत आली.

या इतिहासानंतर अवघ्या काही महिन्यांनी, राखीव नसलेल्या एकसदस्यीय मतदारसंघात, नाशिकच्या मतदारांनी गायकवाडांना लोकसभेवर पाठविले. ज्या समाजातील पुष्कळांनी सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांना देवळाच्या दारात अडविले होते, त्याच समाजाच्या मोठ्या संख्येने पडलेल्या मतांवाचून हा विजय शक्य नव्हता. मंदिराच्या दारात न ओसरलेला विरोध मतपेटीपाशी एवढा ओसरला कसा, हा प्रश्न अभ्यासकाने टाळू नये.

याचे उत्तर अर्थातच संयुक्त महाराष्ट्र समिती हे आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या समितीत प्रजासमाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन हे तर होतेच. हिंदुमहासभा व जनसंघ हेही त्या लढ्यात बरोबर आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतर काही महिन्यांतच निवडणूक आली. समिती हा स्वतः पक्ष नव्हता. तिचे उमेदवार आपापल्या पक्षाच्या चिन्हावर उभे होते, आणि निकालांच्या अधिकृत नोंदींत गायकवाडांपुढे फेडरेशनचेच नाव आहे. मुंबईसह महाराष्ट्र हवा असे मानणाऱ्या अंबडच्या शेतकऱ्याला ते सांगण्यासाठी नाशिकमध्ये एकच परिणामकारक पेटी होती, आणि तिच्यावर हत्तीचे चित्र होते.

त्या शेतकऱ्याचे मत तत्त्वाचे होते की व्यवहाराचे? भाषिक राज्य हे ध्येय मानले तर ते तत्त्वाचे होते. ज्याच्या पक्षाशी, ज्याच्या सामाजिक कार्यक्रमाशी आपले जमत नाही अशा उमेदवाराचा त्या ध्येयासाठी उपयोग करून घेतला असे पाहिले तर ते व्यवहाराचे होते. एकाच कृतीस दोन्ही नावे लागू पडतात. यावरून एवढे निश्चित दिसते की, तत्त्व आणि व्यवहार हे मतांचे दोन वर्ग नाहीत. मनुष्याची ध्येये अनेक असतात आणि मत एक असते. तेव्हा मत देणे म्हणजे ध्येयांचा क्रम लावणे होय. ज्याला व्यवहार म्हटले जाते तो पुष्कळदा एका ध्येयासाठी दुसरे ध्येय मागे ठेवण्याचाच प्रकार असतो.

हेच फेडरेशनच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. भाषिक राज्यांविषयीचे आपले विचार आंबेडकरांनी १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. त्यात मराठी भाषकांचे एकच अखंड राज्य न करता, मुंबई शहरासह त्याचे चार भाग करावेत अशी योजना होती. मोठ्या भाषिक राज्यात संख्येने प्रबळ असलेली एक जात सत्ता बळकावील आणि विखुरलेल्या अल्पसंख्याकांचा निभाव लागणार नाही, ही त्यामागची भीती होती. असे असता फेडरेशन समितीत आले. लिहून ठेवलेल्या मताशी ही उघड तडजोड होती. तथापि तिला तत्त्वच्युती म्हणणे घाईचे होईल. ज्या पक्षाला एकट्याच्या बळावर खुल्या मतदारसंघात जागा मिळणे दुरापास्त होते, त्याला बहुसंख्य समाजाबरोबर बरोबरीच्या नात्याने एका व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच मोठी संधी होती. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. निवडणूक त्यांच्या अनुयायांना त्यांच्यावाचून लढवावी लागली.

मुंबईत या तडजोडीची कसोटी अधिक कडक होती. त्यासाठी त्या वेळच्या द्विसदस्यीय मतदारसंघांची रचना समजून घेणे अवश्य आहे. अशा मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रथम अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास राखीव जागा दिली जाई. नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, जातीचा विचार न करता, ज्याची मते अधिक तो दुसऱ्या जागेवर निवडून येई. राखीव उमेदवार दोघेही पुढे असतील तर दोन्ही जागा त्यांच्याकडे जाऊ शकत. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी यांच्या वाट्याला नेमके हेच आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल कायम ठेवला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच बंद करण्यात आले.

या रचनेत ‘मत वाया घालविणे’ ही केवळ बोलण्याची रीत नव्हती, ती एक युक्ती होती. दुसरे मत कोणासही न देता कुजविले, तर आपल्या उमेदवाराचे प्रतिस्पर्धी तेवढ्याने मागे पडत. १९५२ मध्ये मुंबईत आंबेडकर पराभूत झाले. त्या वेळी साम्यवादी नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी मते कुजविण्याचा प्रचार केला, असा आरोप फेडरेशनच्या बाजूने झाला आणि त्या निवडणुकीविरुद्ध आंबेडकर व अशोक मेहता यांनी अर्जही केला. तो फेटाळला गेला. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पुन्हा उभे राहिले. आपल्या मतदारांनी दुसरे मत न देता ते कुजवावे म्हणजे विजय निश्चित होईल, अशी सूचना कार्यकर्त्यांकडून आली असता आंबेडकरांनी ती नाकारली, असे फेडरेशनच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. निकाल तर नोंदलेलाच आहे : सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर पराभूत झाले. मत हा नागरिकाचा अधिकार आहे. तो न वापरण्याची शिकवण, स्वतःच्या लाभासाठी का होईना, लोकांस देऊ नये, असे या परंपरेचे तात्पर्य काढले जाते. जिंकण्याच्या आशेने केलेल्या आघाडीला तत्त्वाची मर्यादा कोठे लागते याचे हे एक उदाहरण होय. युती चालेल, दुसऱ्या पक्षाला मत देणे चालेल, पण मताधिकारच निरुपयोगी करणे चालणार नाही.

आता १९५७ कडे वळावे. मुंबई शहर मध्य या द्विसदस्यीय मतदारसंघात समितीचे दोन उमेदवार निवडून आले : साम्यवादी पक्षाचे डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर आपल्या नेत्याचा पराभव घडविल्याचा आरोप फेडरेशनने केला, त्यांच्याच पेटीत दुसरी मतपत्रिका टाकण्याचा कौल आता फेडरेशनच्या मतदाराला देण्यात आला होता. नाशिकच्या शेतकऱ्याने जुना सामाजिक अहंकार बाजूस ठेवला. परळ-नायगावच्या चाळींतील आंबेडकरानुयायी कामगाराला जुनी जखम बाजूस ठेवावी लागली. या दोन त्यागांचे वजन समान नव्हते, हे येथेच नमूद करणे योग्य.

तात्त्विक मीमांसेत या प्रश्नाला माक्स वेबर यांनी १९१९ च्या म्यूनिक येथील व्याख्यानात प्रसिद्ध रूप दिले. राजकारणात एक नीती निष्ठेची आणि दुसरी परिणामांच्या उत्तरदायित्वाची, असे त्यांनी मांडले. निष्ठेच्या नीतीने चालणारा योग्य ते करून फळाचा भार जगावर वा ईश्वरावर सोडतो. उत्तरदायी माणूस आपल्या कृतीच्या संभाव्य परिणामांचा जबाब स्वतः देतो. हा भेद वेबर यांनी राजकारण हाच व्यवसाय मानणाऱ्या पुढाऱ्याच्या संदर्भात केला होता, हे अनेकदा विसरले जाते. पुढाऱ्याच्या हाती सत्ता असते. मतदाराच्या हाती हजारो मतांपैकी एक असते, आणि त्या एकाने निकाल बदलण्याचा संभव फार थोडा. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये, म्हणजे योगायोगाने नाशिकच्या याच निवडणुकीच्या वर्षी, आपल्या ग्रंथात ही अडचण स्पष्ट केली : केवळ फळाचाच हिशेब करणारा मतदार मतदानाला जाण्याचेही कष्ट घेणार नाही.

यातून एक गंमतीचा निष्कर्ष निघतो. ‘जिंकणार नाही त्याला मत देऊन ते वाया घालवू नका’ हा व्यवहारवाद्यांचा नेहमीचा युक्तिवाद. पण एकट्या मताने निकाल ठरत नसेल, तर जिंकणाऱ्यास दिलेले मतही तितकेच वाया गेले असे म्हणावे लागेल. तेव्हा व्यवहाराचा विचार एकट्या मतदारापुरता करून भागत नाही. गाव, भावकी, कामगारांची चाळ, संघटना अशा समूहाने एकत्र विचार केला तरच त्याला अर्थ येतो. खेड्यातील मतदार मतांची बेरीज या रीतीने आधीच करीत असे. नगरवासी सुशिक्षितांनी त्याला पुष्कळदा गठ्ठा मतदान म्हणून हिणविले. पण परिणामांचा विचार करावयाचा तर त्यावाचून दुसरी वाट नव्हती. गठ्ठा कोणी बांधला आणि कशासाठी बांधला, हा प्रश्न वेगळा, आणि अधिक महत्त्वाचा.

मोरिस द्यूव्हेर्जे यांनी १९५१ मध्ये या समूहविचाराचे यांत्रिक अंग दाखविले. एका मतदारसंघातून एकच सदस्य आणि ज्याची मते अधिक तो विजयी, अशी पद्धत असेल तर मतदार हळूहळू दोनच बलवान पक्षांकडे सरकतात, कारण तिसऱ्यास मत देणे म्हणजे नावडत्यास मदत करणे असे त्यांना वाटू लागते. संयुक्त महाराष्ट्र समिती हे या नियमाचे मराठी प्रत्यंतर मानता येईल. काँग्रेसविरोधी पक्ष वेगवेगळे लढले असते तर मते फुटली असती. एका उमेदवारामागे ती एकवटली. तरीही ३९६ जागांच्या द्वैभाषिक विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या. समितीचा प्रभाव पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत होता. अन्यत्र काँग्रेसची बाजू भक्कम राहिली.

काँग्रेसमधील मराठी पुढाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. नाशिक जिल्ह्यातील भाऊसाहेब हिरे यांनी संयुक्त महाराष्ट्राची बाजू पक्षात राहून मांडली आणि १९५६ मध्ये द्वैभाषिकाच्या नेतेपदासाठी यशवंतराव चव्हाणांविरुद्ध निवडणूक लढवून ते हरले. चव्हाणांनी १९५५ मध्ये फलटण येथे, महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंची बाजू घेऊ, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्याची किंमत त्यांना कऱ्हाडला जवळजवळ मोजावी लागली. १९५७ मध्ये ते दोन हजारांहूनही कमी मताधिक्याने निवडून आले. ज्याला हिऱ्यांसारखा माणूस हवा पण त्याचा पक्ष नको, अशा मतदाराची अडचण गायकवाडांना मत देणाऱ्याहून वेगळी होती. तेथे उमेदवाराचे मत आणि पक्षाचे मत यांतच फारकत होती. संसदीय पद्धतीत पक्षादेश उमेदवाराच्या मनोदयावर मात करतो; त्यामुळे अशा मतदाराने पक्षाकडे पाहून निर्णय केला तर त्याला दोष देता येत नाही.

तडजोडीचे फळ पुढे काय मिळाले, याचा हिशेब घेतल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. ज्या ध्येयास क्रमात पहिले स्थान दिले होते ते साधले. ते साधताच समितीचे प्रयोजन मतदाराच्या दृष्टीने संपले. प्रजासमाजवादी पक्ष बाहेर पडला. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या, आणि फेडरेशनच्या जागी ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाला अवघ्या तीन मिळाल्या. नाशिकची लोकसभेची जागा काँग्रेसच्या गोविंद हरी देशपांडे यांच्याकडे गेली. गायकवाड त्याच वर्षी राज्यसभेवर गेले.

सवर्ण शेतकऱ्याची मागे ठेवलेली निष्ठा अशा रीतीने त्याला परत मिळाली. त्याचा काँग्रेसशी असलेला संबंध पाच वर्षांच्या खंडानंतर पूर्ववत झाला. फेडरेशनच्या मतदाराने मागे ठेवलेल्या गोष्टींचे काय झाले? जमिनीचा प्रश्न तसाच होता, आणि १९५९ मध्ये गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला; १९६४ मध्ये तो देशव्यापी प्रमाणावर पुन्हा करावा लागला. दुसरीकडे, महारवतनाचा जो प्रश्न आंबेडकरांनी दीर्घकाळ लावून धरला होता तो निकालात काढणारा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. आणि तो केला चव्हाणांच्या द्वैभाषिक शासनाने, म्हणजे ज्याविरुद्ध फेडरेशनने मते दिली होती त्याने. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलतीही महाराष्ट्र राज्य होताच त्याच शासनाने दिल्या. केंद्रात अनुसूचित जातींचा दर्जा त्यांना १९९० पर्यंत मिळाला नाही.

येथे एक विषमता नजरेस येते आणि ती या विषयाच्या तात्त्विक चर्चेत क्वचितच येते. ध्येये पुढे-मागे करण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते. ज्याची जमीन, पाणवठा आणि प्रतिष्ठा सुरक्षित आहे त्याला एखादे ध्येय पाच वर्षे थांबवून ठेवणे सोपे असते. ज्याचे मूलभूत प्रश्नच अनिर्णित आहेत त्याला त्याची किंमत फार पडते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गायकवाडांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला, तेव्हा त्यावर तत्त्वभ्रष्टतेचा आरोप झाला. पण १९५७ च्या समितीला जे तत्त्वनिष्ठ म्हणतात त्यांनी या दुसऱ्या समझोत्याला केवळ व्यवहार म्हणून झिडकारावे, यात तर्कशुद्धता नाही. दोन्ही वेळा क्रम लावण्याचीच क्रिया झाली. फरक होता तो इतकाच की, पहिल्या वेळी क्रमात वर असलेले ध्येय बहुसंख्यांचे होते.

तरीही दोहोंत एक भेद राहतो, आणि तो लहान नाही. समितीचा करार मतदानापूर्वी जाहीर झालेला होता, त्याचे उद्दिष्ट एकाच वाक्यात सांगता येत होते, आणि ते साधले की नाही हे कोणाही खेडुताला कळण्यासारखे होते. साम्यवादी आणि जनसंघीय एकत्र आले म्हणून कोणी फसला नाही. ते कशासाठी एकत्र आले आणि कशासाठी नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. मत देणारा आपल्या ध्येयांचा क्रम स्वतः लावीत होता. पक्षांनी मतदानानंतर परस्पर केलेल्या जोडण्यांत हा अधिकार मतदाराकडून काढून घेतला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी टिळकांनी मांडलेल्या प्रतियोगी सहकारितेतही हीच अट अभिप्रेत होती : सहकार कशाच्या बदल्यात आणि कोठवर, हे आधी सांगावयाचे.

मतदाराचा अधिकार आणखी एका रीतीने निघून जाऊ शकतो. १९६२ च्या अखेरीस चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. देशपांडे यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या नाशिकच्या जागेवर ते १९६३ मध्ये बिनविरोध निवडून आले. चीनच्या आक्रमणाच्या छायेत विरोधी पक्षांनी दाखविलेले हे औदार्य राष्ट्रीय दृष्टीने समजण्यासारखे आहे. परंतु सहा वर्षांपूर्वी ज्या मतदारसंघाने इतकी अवघड निवड केली होती, तेथे या वेळी पेटीच ठेवली गेली नाही.

त्यानंतरच्या काळात नाशिक पुष्कळ बदलले. मतदानाचे वय १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आले, खेड्यांच्या जागी कारखाने आले. अंबडच्या वसाहतीत काम करणारा मतदार धुळे, जळगाव, मराठवाडा किंवा उत्तर भारत यांपैकी कोठूनही आलेला असतो. भावकीने बांधलेला गठ्ठा तेथे सुटलेला आहे. परंतु द्यूव्हेर्जे यांची अडचण सुटलेली नाही. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिकमध्ये मराठी अस्मितेचे ध्येय सांगणारे दोन पक्ष समोरासमोर होते. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे हेमंत गोडसे दुसऱ्या क्रमांकावर, शिवसेनेचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे समीर भुजबळ सुमारे बावीस हजारांच्या अंतराने निवडून आले. पहिल्या ध्येयाच्या बाबतीत ज्यांचे एकमत होते अशा मतदारांचीच मते दोन ठिकाणी विभागली होती. २०१४ मध्ये गोडसे शिवसेनेकडून उभे राहिले आणि विजयी झाले. १९५७ मध्ये पक्षांनी एकत्र येऊन जे केले, ते येथे उमेदवाराने पक्ष बदलून केले.

महापालिकेत प्रश्नाने निराळे रूप घेतले. २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा नवनिर्माण सेनेला मिळाल्या; भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्याने तिचा महापौर झाला, आणि २०१४ मध्ये तिचा दुसरा महापौर काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या पाठिंब्याने निवडून आला. एकाच सभागृहाच्या मुदतीत दोन परस्परविरोधी बाजूंचा आधार घेतला गेला, आणि यांपैकी कशासाठीही अंबडच्या मतदाराने मत दिलेले नव्हते. २०१७ मध्ये पक्षाने आपल्या कारकीर्दीतील उद्याने, रस्ते व अन्य कामे मतदारांपुढे ठेवली, म्हणजे अस्मितेच्या ध्येयावर मिळविलेल्या सत्तेचा निवाडा व्यवहाराच्या मापाने मागितला. त्याला ५ जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला ६६.

राज्याच्या पातळीवर २०१९ च्या नोव्हेंबरात, २०२२ च्या जूनमध्ये आणि २०२३ च्या जुलैमध्ये झालेल्या पक्षांच्या फेरजुळण्या याच प्रकारात मोडतात. त्यांपैकी कोणती समर्थनीय आणि कोणती नाही हा येथील विषय नव्हे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने एकट्या प्रतिनिधीला अडविले, समूहाला नाही, एवढे सांगणे पुरे. अशा स्थितीत ‘जिंकणारा पाहून मत द्या’ या उपदेशाचा पायाच ढासळतो, कारण जिंकणारा उद्या कोणाबरोबर असेल हे मत देताना कळत नाही. ज्याला परिणामांचा हिशेब करावयाचा आहे त्याच्याजवळ हिशेबाची सामग्री राहत नाही. आणि तेवढ्या प्रमाणात, व्यवहारी मतदारालाही उमेदवाराच्या निष्ठेचीच पारख करणे भाग पडते. २०१३ पासून उपलब्ध झालेला ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय या अडचणीस पुरा पडत नाही. भंडाऱ्याच्या संदर्भात पाहता तो मत कुजविण्याच्या जुन्या युक्तीचा सभ्य वंशज आहे, मात्र त्यात कोणा उमेदवाराचा लाभ करून देण्याचा हेतू नसतो.

द्विसदस्यीय मतदारसंघ लोकसभेतून १९६१ मध्ये गेले. पण नाशिक महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत प्रभागात दोन आणि २०१७ मध्ये बहुतेक प्रभागांत चार सदस्य होते, आणि अंबडच्या मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक याप्रमाणे स्वतंत्र मत होते. ध्येये अनेक आणि मत एक, ही १९५७ ची कोंडी या रचनेत निदान कागदोपत्री सुटते. एक मत पक्षाच्या विचारास, दुसरे नळाच्या पाण्यासाठी धावणाऱ्या नगरसेवकास, असे त्याला करता आले असते. प्रत्यक्षात पक्षांनी चार उमेदवारांचे गट करून प्रचार चालविला, आणि चारही कळा एकाच खुणेपुढे दाबण्याचे आवाहन केले.